अनावश्यक

ग्रिम्सबीच्या कोर्टात माझं काम हाक मारायचं.
काळा झगा, हातात पाटी,
दार उघडून नाव पुकारायचं, तीनदा, स्पष्ट.
चोवीस वर्षांत जीभ सरावली आहे,
मिरजेची असून.

मंगळवारी चौथं नाव नॉर्मन थ्रेलफॉल.
वय एकाहत्तर. गोदीवर मासे कापण्यात जन्म गेला,
दोन बोटं कमी.
कुत्रीचं नाव माझ्या पाटीवर नव्हतं.
कागदांत ती होती: मादी, करडी, ग्रेहाउंड,
वजन हवं त्याच्या निम्मं,
आणि चिपचा पंधरा आकडी नंबर,
जो वकीलबाईंनी वाचताना दोनदा चुकवला.

फोटो मीच फिरवले,
या हातातून त्या हातात, पालथे.
तरी सातवा दिसलाच.
गळ्यातल्या पट्ट्याला भोकं होती पाच, दुकानातली,
आणि पुढं तीन, सुरीनं पाडलेली.
मान बारीक होत गेली
तसा तो पट्टा आवळत गेला.
म्हणजे त्यानं बघितलं होतं.
तीन वेळा तरी नीट बघितलं होतं.

आरोपात शब्द असतो, अनावश्यक वेदना.
शेकडो वेळा ऐकलाय,
आणि दर वेळी मनातल्या मनात
मराठीत उलथा करून बघते.
म्हणजे आवश्यक तेवढी चालते?
चवीपुरतं मीठ, तशी
चवीपुरती वेदना?
कायदा यावर गप्प.
दुपारी तिन्ही न्यायाधीशांना सँडविच मीच आणून दिली.
दोन हॅमची, एक चीजचं.

बाहेर पायऱ्यांवर माणसं जमलेली.
फलकावर लाल रंगात: यालाही उपाशी ठेवा.
फलक धरणाऱ्याला मी ओळखलं.
फेब्रुवारीत त्याचंही नाव पुकारलं होतं,
बायकोचा जबडा मोडला म्हणून.
त्या दिवशी पायऱ्यांवर फक्त पाऊस होता
आणि एक समुद्रपक्षी, कुणाची तरी चिप्स खात.

मी तरी कोण बोलणार?
एका दिवाळीत माझ्या भावानं
गल्लीतल्या कुत्र्याच्या शेपटीला लवंगी माळ बांधली.
आम्ही पोट धरून हसलो. मीही.
आई आतून म्हणाली, दारात नको, लांब जाऊन उडवा.
कायदा तेव्हाही होता म्हणे,
दंड दहा ते पन्नास रुपये.
आम्हाला कुणी सांगितला नाही.
कुत्र्यालाही नाही.

निकाल: अठरा आठवडे कैद, तूर्त स्थगित.
दहा वर्षं कुठलाही प्राणी पाळायला बंदी.
नॉर्मननं हात वर केला,
शाळेत लघवीला विचारतात तसा.
"बजी पक्षी यात धरतात का?"
मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.
अध्यक्षबाईंनी कलम बघितलं, चष्मा पुसला,
पुन्हा बघितलं. धरतात.
"तो मॉरीनचा आहे," एवढंच म्हणाला.
मॉरीन गेल्या वर्षी वारली, हे फाइलीत होतं,
पान अकरा, तळाशी.

गुरुवारी चहाच्या यंत्रापाशी ब्रॉनिन भेटली,
प्राणी ताब्यात घ्यायला तीच जाते.
पिंजरा टॉवेलनं झाकून आणला म्हणाली.
म्हातारा दारात उभा होता,
दाण्यांची पिशवी पुढं करत:
हे काळे त्याला आवडत नाहीत, निवडून द्या.
क्लीथॉर्प्सच्या वळणापर्यंत पक्षी गप्प.
मग टॉवेलखालून
एका बाईच्या आवाजात, आधी खोकून,
"नॉर्म, किटली ठेव.
तिला घातलंस का खायला?"

ब्रॉनिननं गाडी बाजूला घेतली.
सतरा वर्षं हेच काम करते ती,
मेंढ्यांचे सापळे उचललेत, गोणीतली पिल्लं मोजलीत.
म्हणाली, काच खाली केली आणि बसून राहिले.
तो परत परत तेच विचारत होता.

मुकं जनावर म्हणतो आपण.
तिला हे मराठीतून कसं सांगणार?
चहा यंत्रातून अर्धाच आला.
मी पाटी उचलली, दार उघडलं.
पुढचं नाव साधंच होतं, दोन अक्षरांचं.
पहिल्या हाकेला ते बाहेर पडलं नाही.