वरच्या मजल्यांचं मत

कुताइसीत लिफ्टला नाणं लागतं.
वर जायला दहा तेत्री. उतरणं फुकट.
कंपनीने मुलाखतकारांना पेनं दिली, पिशव्या दिल्या,
बर्फाच्या पेटीत दह्याचे दोन-दोन डबे दिले,
नाण्यांचं मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही.

म्हणून आमच्या अहवालात
चौथ्या मजल्याच्या वर कुणी राहत नाही.

मी तपासनीस. माझं काम इतकंच:
शंभरातले दहा फॉर्म उचलायचे,
त्या दारांवर पुन्हा जायचं, विचारायचं,
कुणी आलं होतं का? किती वेळ बसलं?
दही खरंच चाखलंत, की नुसतं हो म्हणालात?

शितावरून भाताची परीक्षा, हे खरं;
पण आधी भात ढवळावा लागतो.
तळाला करपलेला, काठाला कच्चा,
आणि आपण वरचंच, हाताशी आलेलं शीत
दोन बोटांत दाबून म्हणतो, झाला.

प्रश्न सातवा: "हे नवं, घट्ट, मलईदार मात्सोनी
तुम्हाला किती आवडलं? एक ते पाच."
प्रश्नानेच आधी चमचा चाटून ठेवलेला.
आणि इथे तर दारात आलेला माणूस देवाने धाडलेला.
मुलाखतकार बाईला खुर्ची, अक्रोड, मक्याची गरम भाकर;
मग तिच्याच तोंडावर दोन कसं म्हणणार?
पाच. पाच. पाच. पाच.
पाचामुखी परमेश्वर.
परमेश्वराला दही आवडलं.

तसा प्रयोगही झाला, शास्त्रशुद्ध.
रिओनीच्या अलीकडच्या वीस घरांना नवं विरजण,
पलीकडच्या वीस घरांना जुनं,
डब्यांवर फक्त एकेक अक्षर,
कोण काय खातंय ते खाणाऱ्यालाही ठाऊक नाही.
तिसऱ्या दिवशी नाझिब्रोलाने
आपला डबा पुलावरून जावेकडे पाठवला,
जावेने रिकाम्या हाती परत कसं पाठवावं?
पाचव्या दिवशी वीज गेली, सहा तास,
दोन्ही तीरांचं दही सारखंच आंबलं.
आलेखात तरीही फरक दिसला. दोन टक्के.
तो कशाचा, असं रेषेला विचारलं
तर रेष नुसतं वर बोट दाखवते.

मग एकसष्ट नंबरचा फॉर्म.
नववा मजला, दार छत्तीस, गुलनारा.
पत्ता वाचूनच चपापलो: इतकं वर गेलं कोण?
नाणं टाकलं. लिफ्ट कण्हत चढली.
दाराला कुलूप, कुलपावर धूळ.
शेजारीण म्हणाली, ती? तीन वर्षं झाली,
इटलीत असते, बारीला. एका म्हातारीचं करते.

फॉर्म भरला होता लामझिराने,
पूर्वी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची.
तिला ऑफिसात बोलावलं. ती ओशाळली नाही.
म्हणाली, "यादीत नाव होतं तिचं. तुमच्याच यादीत.
एका बाकावर बसायचो आम्ही.
ती काय म्हणाली असती, मला माहीत आहे."

प्रश्न सात: दोन.
शेरा: ह्यात साखर कुणी घातली?
प्रश्न बारा, विकत घ्याल का:
घरी आले, तर बघू.

बनावट. मी लाल शाईने काट मारली,
लामझिराचे त्या दिवसाचे पैसे कापले.
सरासरी चार पूर्णांक सहाची
चार पूर्णांक सात झाली. साहेब खूश.

सप्टेंबरात चौकात फलक लागला,
दुकानात डबे रांगेने उभे राहिले
झाकणावरची तारीख उलटेपर्यंत.
मीही एक घेतला होता. गोड लागला.
तपासनिसासाठी रकाना नसतो.

हल्ली दुपारी मोकळा असलो
की एखाद्या इमारतीत शिरतो, नाणं टाकतो,
सगळ्यात वरचं दार वाजवतो.
काय विकायचंय, आतून आवाज येतो.
काही नाही.
मग?
मग काय विचारायचं होतं तेच सुचत नाही.
उतरताना नाणं लागत नाही.