पान्याला जागा

भोसरीला, जे ब्लॉकच्या मागच्या गल्लीत,
गुरुवार सोडून कधीही या, असं मुजावर म्हणाले होते.
मी गुरुवारच ऐकला.
बंद शटरसमोर आम्ही सहा जण,
पाच मुलं
आणि टोलरन्स शिकवण्यात बावीस वर्षं घालवलेली मी.

शुक्रवारी त्यांनी ड्रॉइंग हातात घेतलं.
उलटं धरलंय असं वाटलं मला. सुलटंच होतं.
बोटाचं तेल कागदाला लागलं
नेमकं माझ्या सहीवर.
"मापं बरोबर आहेत," म्हणाले,
"पण मॅडम, हा बोल्ट आवळायचा कुणी?"

सोळाचा पाना त्यांनी स्वरूपा ढमढेरेच्या हाती दिला.
कागदावरच फिरव म्हणाले.
तिनं फिरवला.
चार अंश. पुढे भिंत.

दहापैकी नऊ दिले होते मी या ड्रॉइंगला.
एक मार्क कापला होता
अक्षर गिचमिड म्हणून.

मग कूलंटच्या टाकीचा आंबूस वास,
वर तरंगणारं तेल,
आणि ते उपसायला मुलांनी केलेलं यंत्र,
रविवारी जुन्या बाजारातून घासाघीस करून आणलेल्या
वायपरच्या मोटरवर.
पहिलं यंत्र तेल सोडून पाणीच प्यायलं.
दुसऱ्याचा पट्टा तुटला.
तिसऱ्याबद्दल मुलं अजून बोलत नाहीत.
चौथं चाललं, चहा येईपर्यंत.
चहा संपला, तरी चालतच होतं.
कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत;
पलीकडच्या शेडमधला माणूस येऊन
नुसता बघत उभा राहिला,
आणि दहा नगांचा भाव विचारून गेला.

स्वरूपानं कोटेशन लिहिलं:
पत्रा, मोटर, पट्टा, रंग, टेम्पो.
मुजावरांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला.
"आणि तुझा हात?"
ती खरंच हाताकडे बघायला लागली.
नखांत काळं, अंगठ्याला चिंधी.
"तो काय फुकट आलाय? लिही.
लाजू नकोस. लाटूही नकोस."
तिनं आकडा लिहिला, खोडला,
थोडा मोठा लिहिला,
आणि माझ्याकडे न बघता सही केली.

त्या आठवड्यात मी पेपर काढत होते.
प्रश्न तिसरा, बोल्टचा व्यास काढा.
आकृती काढली, आणि भोवती
हातभर नाही, पण पाना फिरेल इतकी
कोरी जागा सोडली.
छापखान्यातून फोन आला,
मॅडम, इथे काही राहून गेलंय का?

म्हटलं, असू दे. तसंच छापा.