अठरा नंबर

दुसऱ्या घंटेपर्यंत माझं काम वायरींशी.
तिसरीनंतर माणसांशी.
हॉलच्या मागे टेबल, टेबलावर मिक्सर, कोमट चहा.
इथून प्रेक्षक म्हणजे नुसती डोकी:
टकलं, गजरे, एक जाळीची टोपी,
आणि पहिल्या रांगेत शिक्षण समितीच्या सभापतींचा
उजळणारा, विझणारा मोबाइल.

बाईंनी स्टेजवर एकच बाक ठेवलाय.
बंदरावरच्या नगरपालिका शाळेतली एकोणीस वर्षं
त्या एका बाकावर बसवायची
म्हणजे पोरांना सरकून बसावं लागणार.
बाई स्वतःच पोरं होतात, स्वतःच हेडमास्तर,
स्वतःच ती आई, जी कोळंबी सोलता सोलता
फॉर्मवर अंगठा उठवते,
आणि कपाटाला महिनाभर वास.
लोक हसतात.
हसू आधी मधल्या रांगांतून येतं,
मग बाल्कनीतून, उशिरा,
खाडीत शिरणाऱ्या भरतीसारखं.

मग येतो दिन्या.
पहाटे तीनला जेटीवर सांडलेले बांगडे वेचणारा,
अकराला वर्गात भूगोलावर डोकं टेकून झोपणारा.
बाई डस्टर उगारतात. पुन्हा हशा.
तेवढ्यात डावीकडून एक मावशी, मासळीबाजारातल्या आवाजात:
"अगो बाय, पोर रातभर जेटीवं व्हता,
झोपल न्हाय तं काय करल?"
हॉल गप्प.
बाई अडखळल्या. हे स्क्रिप्टात नाही.
मग डस्टर खाली ठेवलं. ते स्क्रिप्टात आहे.

तेव्हा ठेवलं नव्हतं.
माझ्या कपाळाच्या डाव्या बाजूला बघा, केसांखाली.

दिन्या म्हणजे मी. मकबूल होडेकर, सातवी ब.
नाव का बदललं, विचारलेलं नाही.
बांगडे बरोबर आहेत. भूगोलही.
फक्त नाटकात मी मरतो.
नारळी पौर्णिमेआधी, बंदी असताना, चोरून निघालेल्या बोटीत.
सापडते ती दप्तराची पिशवी.
इथे मला लाटांचा आवाज हळूहळू वर न्यायचा असतो
आणि मी तो नेतो, जपून,
माझं मरण कुणाला कर्कश वाटायला नको.

खरं तर मी बुडलो नाही. शाळा सोडली, एवढंच.
मंडपवाल्याकडे स्पीकर उचलायला लागलो.
त्यावर कोण रडणार?

शेवटी बाई हजेरी घेतात.
"सोळा." "हजर बाई."
"सतरा." "हजर."
"अठरा."
माझ्या कागदावर इथे लाल पेनाने लिहिलंय:
चार सेकंद. सगळं बंद. पंखेसुद्धा.
मी सगळं बंद करतो.
पाती थोडा वेळ स्वतःच्या मनाने फिरतात.
एका बाईच्या बांगड्या वाजतात, पदर डोळ्याकडे जाताना.
डीएडच्या पोरींची पेनं थांबलेली.
सभापतींचा मोबाइल मांडीवर पालथा.
मावशी दिसत नाही, तिचं नाक ओढणं ऐकू येतं.
साडेतीनशे माणसं माझी वाट बघतायत
आणि मी इथे, बटणावर बोट ठेवून,
स्वतःची गैरहजेरी मोजतोय.
"एकोणीस."

नंतर स्टेजवर गर्दी.
असे शिक्षक आता राहिले नाहीत, कुणीतरी म्हणालं.
एक निवृत्त मास्तर: पटसंख्येचा मुद्दा सुटला बघा.
एका मुलाने विचारलं, बोटीचं नाव काय होतं?
आईने त्याला दंडाला धरून नेलं.
मावशी बाईंचा हात सोडेना.
"पर त्यो पोर कोनाचा?"
"काल्पनिक आहे हो," बाई म्हणाल्या,
आणि पाणी मागितलं.

मी वायरी गुंडाळत होतो.
बाई पैसे द्यायला आल्या, चष्मा डोक्यावर.
पावतीवर मी पूर्ण नाव लिहिलं,
त्यातला 'ह' त्यांनीच कितीदा गिरवून घेतलेला.
चष्मा खाली आला.
बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या,
एवढं वाचायला त्यात काही नव्हतं.
मग घडी घातली, पर्समध्ये ठेवली.
"ते चार सेकंद," त्यांनी विचारलं, "जास्त होतात का रे?"
"नाही बाई," मी म्हणालो,
"लोकांना लागतात तेवढे."