खिसे

अजमानमध्ये, नुऐमियाच्या मागच्या गल्लीत,
मी कपडे धुण्याआधी खिसे रिकामे करतो.
नियम आहे. एका विसरलेल्या पेनानं
एकदा नऊ कंदुरे निळे केले होते
आणि तो डाग माझ्या पगारातून गेला.

खिशात माणूस थोडा थोडा उरतो.
बडीशेप, सिमकार्डाची टाचणी, सिमेंटची पूड,
घट्ट गोळी झालेला टिश्यू,
आणि चिल्लर: पंचवीस फिल्सवरचं हरीण,
पन्नासाचे सात कोपरे,
दिरहमवरची कॉफीची सुरई, जिला इथे दल्ला म्हणतात.
सगळं पुडीत बांधायचं, पिन लावायची,
इस्त्रीच्या कपड्याबरोबर परत.

मार्चमधल्या एका गुरुवारी
सनोबर खान टॅक्सीवाल्याच्या पँटीतून
तो निघाला.
डोळ्यांआधी बोटांना कळलं:
काठ एका अंगाला ओठासारखा पुढे आलेला.
दिव्याखाली धरला.
ठसा बसताना चकती सरकली असावी.
सुरईची चोच नाण्याबाहेर सांडून गेलेली,
आणि पलीकडे कोरी जागा,
रमजानच्या आदल्या संध्याकाळी
सगळी गल्ली गच्चीवर जाऊन शोधते
तेवढीशी कोर.

आई म्हणायची, आपलांच नाणां खोटां,
मगे दुसऱ्याक कित्याक बोल?
माझ्याकडे बघून म्हणायची, बहुधा.
पण आये, ह्यां खोटां नाय.
टांकसाळीत जन्मलेलं आहे, वजनाला पुरतं,
फक्त चुकलंय.
आपल्याकडे दोघांना शिक्षा एकच.

हे मला कळायला कारण आहे.
मी चंद्रहास पेडणेकर, उभादांडा, तालुका वेंगुर्ला.
अरबीत च नाही आणि प नाही.
कारकुनाची बोटं क्षणभर थांबली
आणि त्यानं छापला शंद्रहास बेडनीकर.
बारा वर्षं इथे तोच राबतोय.
बँकेला चालतो, दवाखान्याला चालतो,
एकदा तापात तर त्याच्याच नावानं हाक आली
आणि मी ओ दिली.

तर मी माझ्या खिशातला एक धड दिरहम
सनोबरच्या पुडीत बांधला
आणि हा ठेवून घेतला.
दिरहमला दिरहम. हिशेब चोख.
तरीही त्या रात्री खोलीतल्या सहा घोरण्यांमध्ये
माझं एकट्याचं घोरणं नव्हतं.
चोरी म्हणावी, तर काय चोरलं?
चूक?

शनिवारी सनोबर आला, पुडी तिथेच फोडली,
चिल्लर तळहातावर पसरली,
आणि असा हसला की काउंटरवरची घंटी हलली.
म्हणाला, उस्ताद, गेला रे एकदाचा!
सहा महिने फिरवत होतो.
पार्किंगचं यंत्र थुंकायचं,
चहावाला दोन बोटांत धरून परत द्यायचा.
तुझ्याकडे कसा खपला कोण जाणे.
मग एकदम गप्प झाला,
माझ्या तोंडाकडे पाहत राहिला,
जणू मला गंडवल्याचं त्याला आत्ताच उमगलं.
मीही गप्प.
मध्ये इस्त्रीची वाफ.

आता तो कोरीवाला दिरहम
स्टार्चच्या डब्याच्या झाकणात असतो,
खाली माझं कार्ड.
बाजारात म्हणे अशा नाण्याला
कुणी इराणी म्हातारा पन्नास देतो, कुणी पाचशे.
मी विचारायला गेलो नाही.

पुढच्या गुरुवारी सनोबरच्या पँटीत
दोन खजूर निघाले, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेले.
विसरलेले, की ठेवलेले?
नियमाप्रमाणे मी पुडीत बांधून परत पाठवला,
एक.