कूस

शनिवारी तीन वाजता पाचपावलीच्या समाजभवनात
आम्ही मरणाचा वर्ग घेतो.
फलकावर तसं लिहिलेलं नसतं.
फलकावर असतं : घरच्या रुग्णाची काळजी. मोफत. चहा मिळेल.

मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर.
अकरा माणसं आली. त्यातली तीन
फक्त कूलरसाठी आली असावीत,
आणि त्यात काही वाईट नाही.

मी सांगते :
तोंड कोरडं पडलं की कापसाचा बोळा भिजवून
ओठांवरून फिरवा.
गिळता येत नसेल तर घोट देऊ नका, छातीत जातो.
मॉर्फिन म्हणजे विष नाही, गोळीची वेळ चुकवू नका.
पायाची बोटं निळी पडतील. श्वास थांबेल,
पुन्हा सुरू होईल. घाबरू नका.
वीस वर्षं हेच सांगते आहे,
वाक्यं आता माझ्या आधी पोचतात.

‘बाई, आयकू नाई येऊन राह्यलं,’ मागून कुणीतरी.
कूलर बंद केला.
ओल्या वाळ्याचा वास तेवढा घुटमळला
आणि बाहेरच्या उन्हाचा आवाज यायला लागला,
उन्हाला असतो तेवढा.

मग कूस बदलणं.
दर दोन तासांनी, नाहीतर पाठ सोलून निघते.
कुणीतरी आडवं व्हायला हवं, मी म्हटलं.
एरवी एखादा पोट्टा हसत पुढे येतो.
आज डोमाजी हेडाऊ उठले.
सत्तरीचे, हातमागावर जन्म गेलेला.
चपला काढून भिंतीशी जोडून ठेवल्या,
गादीवर निजले, डोळे मिटले.

चादरीची कड गुंडाळायची, मुठीत धरायची,
एक मूठ खांद्याशी, एक कमरेशी.
जोर हातांचा नको, आपल्या वजनाचा.
आणि आधी सांगायचं त्यांना, कळत नसलं तरी :
आता तुम्हाला भिंतीकडे वळवतो आहोत.
मेश्रामताईंनी आणि मी वळवलं.
वाटले होते त्याहून हलके निघाले.
पाठीशी उशी लावली.
‘हं, उठा काका.’

उठले नाहीत.
भिंतीलाच म्हणाले,
‘तिनं पानी मागतलं.
दोनदा.
तुमीच सांगतलं होतं फोनवर, देऊ नका.
मी नाई देल्लं.’

मला तो फोन आठवेना.
रात्रीचे किती फोन. किती स्वयंपाकघरांतून कुजबुजणारे.
‘बरोबर केलंत तुम्ही,’ मी म्हटलं.
खरंच आहे ते, पुस्तकातही तसंच आहे.
ते वाक्य त्यांच्या पाठीवर पडलं आणि तिथेच राहिलं,
झटकायला त्यांचा हात पोचला नसता.

‘थोडं असंच राहू द्या मले.’

राहू दिलं.
मेश्रामताईंनी चादर सोडली नाही, मीही नाही.
खुर्च्या सरकल्या. कूलरसाठी आलेल्यांपैकी एक जण
येऊन पायथ्याशी बसला,
चादरीचं टोक धरून. वळवायचं काही नव्हतं.
घाम मानेवरून पाठीत उतरत होता.
कूलरच्या बटणाकडे कुणी गेलं नाही.

पाचला तिथे बारसं होतं.
एक पोट्टा फुगे घेऊन दारात आला,
कागदात गुंडाळलेलं थर्माकोलचं नाव त्याच्या काखेत.
आत पाहिलं आणि बाहेरच उकिडवा बसला.
‘अजून किती टाइम, बाप्पा?’ चौकीदाराने विचारलं.
मेश्रामताईंनी नुसतं पाहिलं त्याच्याकडे.

डोमाजी मग आपले आपण उठले.
चहावर साय धरली होती, तसाच प्यायले.
चादर मागून घेतली,
किनारीला किनार लावून घडी घातली,
आणि जाता जाता कापड बोटांत चोळून पाहिलं.
‘पॉवरलूमची आहे,’ म्हणाले, ‘जोर नाई धरनार.
पुढच्या शनिवारी मी आनतो एक.’