उशिराचा दंड

पेटी पत्र्याची, कुलपं तीन.
एक किल्ली देलूकडे, एक हाब्सूकडे,
तिसरी त्साहाराकडे, आणि तिथंच सगळी पंचाईत,
कारण त्साहारा कधी वेळेवर आली नाही.

झिंदरच्या अलीकडे, बाभळी विरळ होतात तिथं आमचं गाव.
शुक्रवारी बाजार उठला की
कडुनिंबाखाली चटया टाकून आम्ही बसायचो एकवीस जणी,
पाठीला पोरं, कमरेच्या गाठीत नाणी.
सावली सरकायची. सावलीमागं आम्ही सरकायचो.
मग धुरळ्यात दिसायची ती,
डोक्यावर शेंगदाण्याच्या पेंडीचं टोपलं,
चोर पकडल्यावर हसतो तशी हसत.
"विहिरीचा दोर तुटला."
"शेळी अडली होती."
एकदा नुसतंच म्हणाली, "आज वाट लांबली."

नियम म्हणजे नियम. पन्नास फ्रँक.
मी चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून वही माझ्याकडे.
तिच्या नावापुढं मी इतक्या उभ्या रेघा ओढल्या
की ते पान काटक्यांच्या कुंपणासारखं दिसायला लागलं.

जिनं आम्हाला पेटी शिकवली
ती बाई मोटरसायकलवरून यायची, तोंडाला फडकं बांधून.
पहिल्या दिवशी आमचे नवरे लांब उभे होते,
बायका पैसे आणणार कुठून याची मजा बघत.
वर्षानं तिचा प्रकल्प संपला.
जाताना ती रडली.
आम्हाला रडायला सवड नव्हती,
व्याजाचा हिशेब दोनदा चुकला होता.

पेटीतून काही डोंगर निघाले नाहीत.
रकियाची मेंढी निघाली, एका कानानं तुटकी.
देलूचं तेल गाळायचं यंत्र, निम्मं उधारीवर.
आणि एका रात्री
मूल आडवं आलेल्या माझ्या बहिणीला
इस्पितळापर्यंत नेणाऱ्या गाडीचं भाडं.
गाडी आली, आम्ही तिला उचलून आत घातली, निघालो.
कुणाला विचारलं नाही.
हे आता एका ओळीत लिहून होतं.
त्या रात्री अंगणापासून गाडीपर्यंतची वीस पावलं
मला अजून पायांत आठवतात.

तिसऱ्या वर्षी, बाजरी निसवली तेव्हा,
त्साहाराला ताप आला. चार दिवस.
मंगळवारी पहाटे तिच्या अंगणातून हाक आली.
ह्या एकाच कामाला ती लवकर निघाली.

आंघोळ आम्हीच घातली.
कमरेच्या दोऱ्याला किल्ली होती,
घामानं काळी पडलेली.
हाब्सूनं ओल्या हातांनी गाठ सोडवली.
गाठ सुटेना. दात लावावे लागले.

नवरा कानोला, पोती उचलायला गेलेला.
घरात कफनापुरतं काही नव्हतं.
बैठकीशिवाय पेटी उघडायची नाही, हाही नियमच.
तो आम्ही मोडला. एकमेकींकडे न बघता
तीन कुलपं काढली.

दंडाचे पैसे वेगळे असतात, लाल फडक्यात,
अडल्यानडल्याला.
तिचेच त्यात सगळ्यांत जास्त.
मी कुंपणाच्या काटक्या मोजल्या: त्र्याऐंशी.
चार हजार एकशे पन्नास.
कापड चार हजाराला बसलं.
उरलेल्यात साबण आला, आणि थोडा कापूस.

देलू म्हणाली, "म्हणजे बया साठवत होती."
कुणीतरी हसलं. मग सगळ्याच हसलो,
मढं दारात असताना, तोंडाला फडकी लावून.
नंतर बराच वेळ ती फडकी काढवेनात.

पुढच्या शुक्रवारी किल्ली तिच्या लेकीच्या गळ्यात.
बाल्की, सतरा वर्षांची, लग्न अजून ठरायचं.
आम्ही चटया टाकल्या. बसलो.
सावली सरकली, सरकलो.
पत्र्यावर ऊन आलं.

धुरळ्यात ती दिसली तेव्हा
कुणी काही बोललं नाही.
कारण तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.
गाठ सोडून पन्नासचं नाणं तिनं चटईवर ठेवलं.

मी नवं पान काढलं,
पेन्सिलीच्या टोकाला थुंकी लावली.