नऊ इंच

बोटीवर जायच्या आदल्या आठवड्यात
श्रीरंगने हा डबा विकत घेतला.
कुठल्याशा कंत्राटदाराचं चाकांवरचं साइट ऑफिस,
कळंबोलीच्या स्टील मार्केटमागे गवतात उभं.
आत टेबलाच्या पायांचे चार डाग, कॅलेंडरचा खिळा,
आणि भिंतीवर पेन्सिलीने कुणाची तरी उचल:
सातशे, दोनशे, परत दोनशे.

नकाशा त्याने शाईने काढून ठेवला.
पलंग सहा फूट दोन इंच.
"मी आल्यावर करू. तोवर हात लावू नका."

आठ महिने हात न लावता कसं बसायचं
हे मला कुणी शिकवलेलं नाही.
शरयूताईंनाही नाही. त्याची थोरली बहीण,
घणसोलीच्या शाळेत प्रयोगशाळा सांभाळून
नुकत्याच निवृत्त झालेल्या.
सिरीज आणि पॅरलल
त्यांना कोशिंबिरीपेक्षा बरं जमतं.

आधी छप्पर. मी शिडीवरून बादली ओतायची,
त्या आत टॉर्च घेऊन, तोंड वर:
"इथे. इथेही. अगं, कानात!"
सीलंटच्या तीन नळ्या फटींत गेल्या,
चौथी माझ्या केसांत.

तळाचा प्लाय भिजल्या पापडासारखा हातात आला.
खरवडला. तुर्भ्याहून मरीन प्लाय आणताना
टेम्पोवाला म्हणाला, "काकी, घर बांधताय का होडी?"
"ठरायचंय," शरयूताई म्हणाल्या.

अश्फाकने शॅसीला दोन पट्ट्या मारल्या.
"वहिनी, ठिणगीकडे बघू नका."
मी बघितलं.
रात्रभर डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या,
पापण्यांखाली वाळू,
आणि त्या वाळूत निळा ठिपका, अजून जळणारा.

शाळेच्या भंगारातला संगणकाचा पंखा
आता छपराच्या भोकात, बारा व्होल्टवर.
सुरू होताना तसाच घरघरतो,
जणू काहीतरी उघडणार आहे, थांबा जरा.

रंग दिला, पेन्सिलीची ती भिंत सोडून.
का सोडली, ते दोघींनीही विचारलं नाही.

मग पलंग.
वर्तमानपत्रावर मी आडवी पडले, त्यांनी खडूने रेघ मारली.
पाच फूट एक.
त्या माझ्याहून दोन सूत कमी भरतात, मान्य करत नाहीत.
उशी धरून, पाय ताणायची हौस धरून
पाच फूट पाच पुरे.
करवत मी चालवली. त्यांनी फळी धरली,
आणि शाईच्या नकाशातून
नऊ इंच खाली पडले.

पहिले चार दिवस तिथे काहीच ठेवलं नाही.
चहा घेऊन यायचो आणि त्या जागेकडे बघायचो.
पाचव्या दिवशी पियानो बिजागरी आणली,
खिडकीखाली उघडणारी फळी बसवली.
तिच्यावर दोन कप मावतात आणि दोन कोपरं.
एक तिचं, एक माझं.

कुठल्या तरी बंदरातून श्रीरंगचा व्हिडिओ कॉल.
"पलंग आखूड दिसतोय."
"भिंगाचा दोष," शरयूताई म्हणाल्या,
तीस वर्षं पोरांना भिंगं पुसून देणारी बाई.

काल अश्फाकच्या पिकअपने डबा ओढून
बाळारामच्या वजनकाट्यावर नेला.
किती ओझं झालंय ते कळायला हवं,
उद्या कुणाच्या तरी गाडीला तो ओढायचाय.
अजून आमच्याकडे गाडी नाही.
ते नकाशात नव्हतं, आणि आमच्याही डोक्यात नव्हतं.

रिकाम्याचं भरलं आठशे नव्वद.
आम्ही आत चढलो. बाळाराम काचेआडून ओरडला,
"ताई, उतरा! वजन चुकतंय!"
शरयूताईंनी आतून कडी लावली.
मी फळी उघडली.
काटा किंचित हलला, थर्मासमधला चहा हलला,
सांडला नाही.

चिठ्ठी खिडकीतून आली. एक हजार दहा.
त्यांनी कानामागची पेन्सिल काढली
आणि त्या अनोळखी माणसाच्या
सातशे, दोनशे, परत दोनशेच्या खाली
आमचा आकडा लिहिला.

मागे ट्रकवाले हॉर्न देत होते.
कप धुऊन झाल्यावर उतरलो.